राफेल-एम भारी की जे-15? आधी जहाजाचा डेक बघा, मग विमान

दर्यासारंग

आपल्या नौदलासाठी राफेल-एमचा (राफेलचं जहाजावरून उडणारं रूप) करार झाल्यापासून (28 एप्रिल 2025, 26 विमानं, 63 हजार कोटींच्या आसपास) आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच तक्ता फिरून फिरून येतोय. डावीकडे राफेल, उजवीकडे चीनचं जे-15, मधे वेग, पल्ला, किती टन बॉम्ब उचलतं वगैरे, आणि खाली निकाल. निकाल कुठला ते पाठवणाऱ्याच्या राजकारणावर अवलंबून. म्हटलं इथे एकदा सविस्तर लिहावं, कारण विमानवाहू जहाजावरच्या विमानांची तुलना अशी होतच नाही. राफेल-एमचं कमाल वजन कागदावर 24.5 टन आहे, मान्य, पण कुठल्या डेकवरून हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काडीचा अर्थ नाही.

जहाजावरून लढाऊ विमान उडवायच्या आज तीन तऱ्हा आहेत. पहिली अमेरिका आणि फ्रान्सची, आणि आता चीनच्या फुजियान या तिसऱ्या जहाजाची पण, ती म्हणजे कॅटापल्ट. डेकमधल्या खाचेत शटल असतं, विमानाच्या पुढच्या चाकाचा दांडा त्यात अडकवतात आणि वाफेच्या किंवा विजेच्या जोरावर दोन-एक सेकंदात विमान ताशी अडीचशे किमीच्या आसपास वेगाने भिरकावलं जातं. दुसरी आपली, रशियाची आणि चीनच्या पहिल्या दोन जहाजांची (लिआओनिंग आणि शानडाँग). कॅटापल्ट नाही, डेकचं पुढचं टोक वर वळवलेलं म्हणजे स्की-जंप, आणि उतरताना तारा. याला स्टोबार म्हणतात. तिसरी ब्रिटन, इटली वगैरेंची, स्की-जंपवरून उडायचं आणि सरळ खाली उतरायचं, त्याला एफ-35बी सारखं खास विमान लागतं.

स्की-जंपवर विमान स्वतःच्या इंजिनाच्या जिवावर जातं, ढकलणारं कोणी नाही. आपल्या विक्रमादित्य जहाजावर मिग-29के उभं राहतं तेव्हा डेकमधून वर आलेले अडसर चाकांपुढे असतात, पायलट आफ्टरबर्नर (इंजिनाचा जादा जोर) लावतो, इंजिनांनी पूर्ण जोर धरला की अडसर खाली जातात आणि विमान सुटतं. रॅम्प 14 अंशांपेक्षा जरा जास्त. आणि गंमत अशी की रॅम्पच्या टोकाला विमानाला सरळ उडता येईल एवढा वेग आलेलाच नसतो! रॅम्प त्याला वर उसळवतो आणि त्या उसळीत मिळालेल्या काही सेकंदांत ते हवेतच वेग पकडतं. आता टाक्या काठोकाठ आणि पंखांखाली जडशीळ क्षेपणास्त्रं, दोन्ही एकदम कसं जमणार? एक तर इंधन कमी करा नाहीतर शस्त्रं.

जे-15 ला पण हाच नियम. हे रशियाच्या सुखोई-33 च्या वंशातलं, अगडबंब विमान. लिआओनिंग आणि शानडाँगच्या रॅम्पवरून ते अर्धपोटी उडतं. त्याचाच सुधारलेला भाऊ जे-15टी फुजियानच्या विद्युतचुंबकीय कॅटापल्टवरून पोटभर खाऊन उडतो. फुजियान नोव्हेंबर 2025 मधे सेवेत आलं. तर मग "जे-15 विरुद्ध राफेल" म्हणताना कुठलं जे-15 आणि कुठल्या जहाजावरचं? आणि राफेल तरी कुठलं? फ्रान्सच्या शार्ल द गॉलवर ती 75 मीटर लांब वाफेच्या कॅटापल्टवरून जातात (ही कॅटापल्टं अमेरिकन बनावटीची आहेत, फ्रेंच लोक हे फार बोलत नाहीत), विक्रांतवर रॅम्पवरून जाणार. फ्रान्सचे आकडे उचलून आपल्या जहाजाला चिकटवू नका एवढंच म्हणणं आहे.

थोडक्यात माझ्या मते जहाज ठरवतं की विमान काय करू शकेल, आणि आपल्याकडे सगळी चर्चा उलटी चालते. मतं येऊ द्या.

कोकणचा_राघू

वाचतोय. पण काका, गोव्यात राफेलची चाचणी झाली होती ना स्की-जंपवरून? मग प्रश्न मिटला की.

दर्यासारंग

झाली होती की, जानेवारी 2022 मधे, दाभोळीला आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावर. तिथे जमिनीवरच डेकची नक्कल बांधलेली आहे, पुढे रॅम्प आणि उतरायला तारा. त्याच वर्षी मे-जूनमधे अमेरिकेचं सुपर हॉर्नेट पण तिथे येऊन उडून दाखवून गेलं. पण राघू, अशा चाचणीत "उडतं का" एवढाच प्रश्न सुटतो. मे महिन्यातल्या अरबी समुद्रात, हवा तापलेली, वारा पडलेला, तेव्हा काय काय लटकवून उडतं हा वेगळा प्रश्न. गरम हवेत इंजिनाचा जोर कमी होतो आणि पंखांनाही हवा कमी धरते. म्हणून विमानं उडवायच्या आधी जहाज वाऱ्याच्या तोंडाला वळवतात आणि जोरात पळवतात. विक्रांत 28 नॉट्सच्या आसपास जातं, त्यात समोरून वारा आला तर रॅम्पवरच्या विमानाला तेवढा वेग फुकटात मिळतो.

वाऱ्याची किंमत बघायची तर 1982 चं ब्रिटन-अर्जेंटिनाचं फॉकलंड युद्ध घ्या. 2 मे ला अर्जेंटिनाचं विमानवाहू जहाज व्हेंतिसिंको दे मायो ब्रिटिश ताफ्याच्या टप्प्यात होतं, स्कायहॉक विमानं बॉम्ब लावून तयार होती, आणि नेमका वारा पडला. दक्षिण अटलांटिकमधे वारा पडला! जहाज जुनं, वेग बेताचा, भरलेली विमानं उडवता येईनात. हल्ला रद्द. आणि लक्षात घ्या, त्या जहाजाला कॅटापल्ट होतं तरी ही गत. समोरच्या ब्रिटिश ताफ्याचं मुख्य जहाज होतं हर्मीस, जे 1987 मधे आपल्याकडे विराट म्हणून आलं. त्या दिवशी वारा असता तर कदाचित आपल्याला विराट मिळालंच नसतं.

मुलुंडकर

हे विराटचं माहीत नव्हतं, मस्त किस्सा. आपल्या जुन्या विक्रांतची पण 71 ला अशीच अडचण होती ना? बॉयलरला तडे गेले होते आणि वेग मर्यादित ठेवून नेलं होतं असं वाचलंय.

दर्यासारंग

हो मुलुंडकर, एक बॉयलर तडकलेला होता, तरी बंगालच्या उपसागरात नेलं आणि 4 डिसेंबरला सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला, मग चितगाव. त्या विक्रांतला वाफेचं कॅटापल्ट होतं बरं का. म्हणजे 1961 मधे आपल्याकडे कॅटापल्ट होतं आणि आज नाही. विराटवर सी हॅरियर आली तेव्हापासून आपण रॅम्पच्या वाटेला लागलो ते लागलो.

पेठेतला_पंखा

ते जुनं विक्रांत भंगारात गेलं आणि त्याचं पोलाद बजाजच्या व्ही बाईकच्या टाकीत आलं. आमच्या सोसायटीत एक जण अजून ती चालवतो आणि सिग्नलला उभा राहिला की सगळ्यांना सांगतो की ही युद्धनौका आहे. पार्किंगवरून भांडण झालं तरी तेच सांगतो.

शंकासुर

चर्चा छान चाललीय पण मूळ मुद्द्याला कोणी हात घालत नाहीये. 20 हजार कोटींचं विक्रांत, त्यावर 63 हजार कोटींची विमानं, आणि चीनचं एक जहाजमार क्षेपणास्त्र येऊन बसलं की सगळं पाण्यात. त्यापेक्षा तेवढ्या पैशात पाणबुड्या घ्या. अंदमान आहे ना, ते कोणी बुडवू शकत नाही, तिथे धावपट्टी लांब करा. विमानवाहू जहाज ही बड्या देशांची मिरवायची हौस आहे. आपले पहिले सीडीएस (संरक्षण दल प्रमुख) जनरल रावत सुद्धा तिसऱ्या जहाजापेक्षा पाणबुड्यांना प्राधान्य द्या म्हणायचे.

दर्यासारंग

शंकासुर, यायची वाटच बघत होतो :)

पाणबुड्या कमी आहेत यावर वाद नाही. पण पाणबुडी हवाई संरक्षण देत नाही. तुमचा तेलाचा टँकर एडनच्या आखातात असेल तर अंदमानची धावपट्टी त्याला काय कामाची? आणि जहाजमार क्षेपणास्त्राचं म्हणाल तर आधी जहाज सापडायला हवं. विमानवाहू जहाज दिवसभरात शेकडो किलोमीटर सरकतं, धावपट्टी मात्र नकाशावर ठरलेल्या जागी असते आणि पहिल्या तासात तिच्यावरच खड्डे पाडतात. मे 2025 मधे ऑपरेशन सिंदूरच्या वेळी आपला ताफा उत्तर अरबी समुद्रात मिग-29के सह उभा होता, नौदलानेच पत्रकार परिषदेत सांगितलं. पाकिस्तानला दक्षिणेकडे पण डोळे लावून बसावं लागलं.

तिसरं जहाज घ्यावं का यावर मी अजून कुंपणावर आहे. पण घेणार असाल तर कॅटापल्टवालं घ्या, नाहीतर घेऊ नका असं माझं स्पष्ट मत.

शंकासुर

कुंपणावर बसून स्पष्ट मत? जमतं बुवा तुम्हाला.

अनघा_वास्को

आम्ही दाभोळीजवळच राहतो. विमानतळ मुळात नौदलाचा, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास त्यांच्या सरावासाठी राखलेले, तेव्हा प्रवासी विमानं नाहीत. मिग आफ्टरबर्नर लावून उडालं की खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि फोनवर बोलणारा माणूस आपोआप गप्प बसतो. पाहुण्यांना दचकायला होतं, आम्हाला सवय. नोव्हेंबर 2019 मधे एक मिग वेर्ण्याजवळ पडलं होतं, पक्षी धडकले होते, दोघेही पायलट वाचले.

मला एक विचारायचंय. उडणं कळलं. पण उतरणं तर सगळीकडे सारखंच ना, तारेला हूक अडकवायचा?

दर्यासारंग

अनघाताई, तारा असलेल्या जहाजांवर पद्धत तीच. पण मला विचाराल तर हेच सगळ्यात अवघड काम आहे म्हणून जरा लांबण लावतो.

विक्रांतवर डेकच्या मागच्या भागात तीन तारा आडव्या ताणलेल्या असतात. पायलट तिरक्या पट्टीवर येतो, म्हणजे जहाज पुढे सरकतंय आणि धावपट्टी त्याला तिरकी पळतेय, शिवाय मागचं टोक लाटांवर वरखाली. डावीकडे दिव्यांची एक रचना असते, त्यातला मधला दिवा आडव्या दिव्यांच्या रांगेत दिसला तर उंची बरोबर, वर दिसला तर तुम्ही जास्त उंच, खाली दिसला तर जीव वाचवा. विमान हळुवार टेकवायचं नसतं, आपटायचंच असतं. आणि चाकं टेकली रे टेकली की पायलट इंजिन बंद करत नाही, उलट पूर्ण जोर देतो! कारण हूक तारेला लागला नाही तर त्याच वेगाने पुढून परत उडून जायचंय. हूक लागला तर ताशी 240 किमीवरून अडीच सेकंदांत शून्य. पट्टा घट्ट नसेल तर डोकं समोर आदळायचं.

म्हणून नौदलाच्या विमानाचा पुढचा पाय, मागचा सांगाडा, हूकची जागा सगळं भक्कम करावं लागतं. राफेल-एम त्यामुळे हवाई दलाच्या राफेलपेक्षा काही शे किलो जड आहे. हवाई दलाच्या विमानाला हूक लावला की झालं नौदलाचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तेजसची गोष्ट बघावी (खाली कोणी विचारलं तर लिहितो).

आणि तारा तुटतात. 2016 मधे रशियाचं विमानवाहू जहाज कुझनेत्सोव्ह सीरियाला गेलं होतं, तिथे एक सुखोई-33 तार तुटून समुद्रात गेलं. त्याआधी तीनच आठवड्यांपूर्वी एक मिग-29के, तारांची दुरुस्ती होईस्तोवर वरती घिरट्या घालत बसलं आणि इंधन संपून पडलं. रशियाला हसू नका, मे 2025 मधे तांबड्या समुद्रात अमेरिकेच्या ट्रूमन जहाजावर पण तार धरण्यात बिघाड होऊन सुपर हॉर्नेट गेलं. त्याच्या आठवडाभर आधी त्याच जहाजावरून एक विमान ओढत नेताना पाण्यात पडलं, ट्रॅक्टरसकट.

अजून एक, तक्त्यात कधीच नसतं ते. न वापरलेली शस्त्रं घेऊन उतरता येतं का? उतरताना वजनाची मर्यादा असते. ती ओलांडली तर कोट्यवधींचं क्षेपणास्त्र समुद्रात टाकून द्यायचं नाहीतर इंधन सोडायचं.

कोकणचा_राघू

तेजसची गोष्ट लिहाच. आणि नेव्ही डेला 2023 मधे तारकर्लीला मी गेलो होतो, तेव्हा नौदलाचं तेजस आणि मिग-29के दोन्ही होती. गर्दीत मान वर करकरून दुखायला लागली पण आवाजाने जो अंगावर काटा आला तो आला.

मुलुंडकर

तेजसचं मी लिहितो, काका दमले असतील. नौदलाच्या तेजसने सप्टेंबर 2019 मधे गोव्यातल्या त्या नकली डेकवर पहिल्यांदा तार धरली आणि 11 जानेवारी 2020 ला विक्रमादित्यवर प्रत्यक्ष उतरलं. पायलट कमोडोर जयदीप मावळणकर. दुसऱ्या दिवशी रॅम्पवरून उडालं पण. मग 6 फेब्रुवारी 2023 ला नव्या विक्रांतवर. हे करू शकणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, याबद्दल टिंगल करणाऱ्यांनी जरा थांबावं.

पण नौदलाने डिसेंबर 2016 मधेच सांगून टाकलं होतं की एका इंजिनाचं हे विमान जहाजासाठी पुरत नाही, वजन जास्त आणि जोर कमी. कारण परत तेच, रॅम्प. तिथे वजन आणि जोराचं गणित चुकलं की माफी नाही.

ऑडिटर_काका

मिग-29के बद्दल कोणी काही बोलत नाहीये म्हणून. कॅगचा 2016 चा अहवाल काढून वाचा. एकआसनी मिग-29के उड्डाणासाठी तयार असण्याचं प्रमाण 15.93 ते 37.63 टक्के. इंजिनांच्या तक्रारी वेगळ्या. याचा अर्थ डेकवर दहा उभी असली तर दोन-तीन, फार तर चार उडणार. इथे रॅम्प की कॅटापल्ट हा वाद नंतरचा, आधी विमान हँगरमधून (डेकखालची विमानं ठेवायची जागा) बाहेर तर आलं पाहिजे. पुढे परिस्थिती सुधारली, मे 2023 मधे विक्रांतवर रात्रीचं लँडिंग पण झालं, पण विमान निवडताना हा तक्ता पहिल्यांदा मागवा असं माझं ऑडिटरचं मत. राफेलच्या बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा मला हाच वाटतो, हवाई दलाकडे 36 आहेत, सुटे भाग, प्रशिक्षण, तंत्रज्ञ बऱ्यापैकी सामायिक होतील.

दर्यासारंग

काका, तुमच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. मी डेक डेक करत बसलो तरी डेकवर चालू स्थितीतलं विमान हवंच.

मीरा_बंगळूर

पुढील भागाच्या प्रतीक्षेत म्हणणार होते पण इथेच विचारते. राफेलचे पंख घडी होत नाहीत असं ऐकलं, मग लिफ्टमधून खाली कसं नेणार?

दर्यासारंग

मीरा, चांगला प्रश्न, आणि आपल्या तक्तेबहाद्दरांना न पडलेला. विक्रांतच्या लिफ्ट मिग-29के समोर ठेवून आखलेल्या, रुंदी 10 मीटरच्या आसपास. मिगचे पंख घडी केले की विमान 7.8 मीटरचं होतं, आरामात बसतं. राफेलचे पंख पसरलेले 10.9 मीटर आणि घडी नाहीच, कारण फ्रेंचांनी शार्ल द गॉलच्या लिफ्ट मोठ्या केल्या आणि पंख तसेच ठेवले. पंखांच्या टोकांवरचे क्षेपणास्त्राचे रेल काढायचा तोडगा निवडीच्या वेळेपासून चर्चेत आहे. म्हणजे प्रत्येक वेळी खाली नेताना एक काम वाढलं. डेकवर आणि हँगरमधे जागा पण जास्त खाणार.

26 मधली चार दोन आसनांची आहेत, ती जहाजावरून उडणारच नाहीत, फक्त जमिनीवर प्रशिक्षणाला. म्हणजे डेकसाठी खरी 22. सुपर हॉर्नेटचं दोन आसनी विमान जहाजावर चालतं, त्याचे पंखही घडी होतात, तरी राफेल निवडलं, ते ऑडिटर काकांनी सांगितलेल्या कारणाने बऱ्याच अंशी.

शंकासुर

म्हणजे तुमचं जहाजही अपुरं, विमानही बसत नाही, आणि तरी मी पाणबुड्या म्हटलं की मी नकारात्मक. वा.

बरं ते ब्रिटनचं एफ-35बी, जगातलं सगळ्यात महागडं वगैरे, ते तर तिरुवनंतपुरमला महिनाभर पावसात उभं होतं. केरळ पर्यटनाने जाहिरात पण करून घेतली.

दर्यासारंग

14 जून ते 22 जुलै 2025. केरळवाल्यांची विनोदबुद्धी मानली पाहिजे.

पण एफ-35बी वरून आठवलं, सरळ खाली उतरण्याची किंमत बघा. पायलटच्या मागे उभा पंखा बसवलाय, त्याने जागा खाल्ली, म्हणून आतलं इंधन सहा टनांच्या आसपास. कॅटापल्टवाल्या एफ-35सी मधे नऊ टनांच्या जवळपास. नाव एकच, विमानं दोन.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा, जो लढाऊ विमानांचा नाहीच. अमेरिकेच्या जहाजावर हॉकआय नावाचं पाठीवर तबकडी असलेलं पंख्याचं विमान असतं, ते वर जाऊन शेकडो किलोमीटरवरचं येणारं विमान, क्षेपणास्त्र बघतं. ते जड आणि मंद, स्की-जंपवरून उडत नाही. चीनने फुजियानसाठी तसंच केजे-600 बनवलं आणि सप्टेंबर 2025 मधे ते कॅटापल्टवरून उडताना दाखवलं. माझ्या दृष्टीने ती बातमी जे-35 (चीनचं रडारला चटकन न दिसणारं नवं लढाऊ विमान) च्या बातमीपेक्षा मोठी होती पण आपल्याकडच्या चॅनलवर सगळे जे-35 च्या स्टेल्थवर ओरडत होते. आपल्याकडे या कामाला कामोव्ह-31 हेलिकॉप्टर. चांगलं आहे, पण हेलिकॉप्टर तेवढं उंच जात नाही, तेवढा वेळ थांबत नाही. रडार जितकं उंच तितकं क्षितिज लांब, याला इलाज नाही. 1982 मधे ब्रिटिशांकडे असं काहीच नव्हतं, 4 मे ला एक्झोसेट क्षेपणास्त्र त्यांच्या शेफील्ड जहाजावर येऊन आदळलं तेव्हा लोकांना सावरायला सेकंद मिळाले. हवेतल्या लढतीत त्यांच्या सी हॅरियरने एकही विमान न गमावता 20 पाडली, आणि तरी जहाजं गेली.

म्हणून राफेल की जे-15 विचारण्याआधी विचारा की त्यांना लांबून दिसणार कोण.

ऑडिटर_काका

पटलं. किनाऱ्यावरून आपली पी-8आय टेहळणी विमानं उडतात ती थोडी मदत करतील, पण हॉकआयचं काम ती पूर्ण करणार नाहीत आणि ताफा लांब गेला की तीही पुरणार नाहीत.

अनघा_वास्को

सगळ्यांचे आभार, बरंच कळलं. ज्यांना ही जुनी विमानं जवळून बघायचीत त्यांनी बोगमाळो रस्त्यावरच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात जा. सी हॉक, अलीझे, सी हॅरियर सगळी उघड्यावर उभी आहेत. सी हॉक माझ्या मुलाला खेळण्यातलं वाटलं एवढं छोटं आहे.

कोकणचा_राघू

सगळी राफेल यायला 2030 उजाडेल म्हणतात. तोवर विक्रांतवर काय, रिकामा डेक?

दर्यासारंग

नाही रे, तोवर मिगच. 2004 आणि 2010 च्या करारांत मिळून 45 घेतली होती, त्यातली काही अपघातात गेली, उरलेल्यांवर दोन जहाजं चालवायची आहेत आणि दोन्ही एकदम समुद्रात असली की ओढाताण होते. त्यानंतरचं म्हणशील तर दोन इंजिनांचं देशी टीईडीबीएफ, त्याचे पंख घडी होणारे ठेवलेत म्हणजे लिफ्टचा प्रश्न नाही. पण ते अजून कागदावर आहे, आणि कागदावरच्या विमानाचा तक्ता कोणी पाठवला तर मी तो ग्रुप सोडणार आहे.

शंकासुर

ग्रुपचं नाव सांगा, पाठवतो.